सराफा पेठेतील धूळ आणि खाणीतील गाळ



हिंगोली जिल्ह्याच्या भूमीत चांदीची खाण नाही. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा मुख्यत्वे दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे आणि चांदीसाठी हा पाषाण कोणी खणत नाही. तथापि, लग्नसराईत जोडवी-पैंजण घडविणाऱ्या सराफा पेठेत चांदीचा काही अंश रोज धुळीत मिसळत असतो. कानशीने घासताना उडालेला कीस, भट्टीची राख, फुटक्या मुशीचे तुकडे, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, यांपैकी काहीही सोनार फेकून देत नाही.

ही धूळ विकत घेऊन धुणारा झारेकरी महाराष्ट्राला पिढ्यान् पिढ्या परिचित आहे. परातीत पाणी घालून तो माती हेलकावतो. हलकी माती वाहून जाते व जड धातू तळाशी राहतो. उरलेले सूक्ष्म कण पाऱ्यात पकडले जातात आणि पारा तापवून उडविला की धातू हाती येतो.

खाणींची गोष्टही अशीच आहे. जुन्या काळी खनिज दळून धातू काढल्यावर जो गाळ टाकून दिला जाई, त्यात सोन्याचांदीचा अंश राहूनच जाई. १८८७ मध्ये ग्लासगो येथे मॅकआर्थर व फॉरेस्ट बंधूंनी सायनाइडची प्रक्रिया शोधून काढली. चुन्याने अल्कधर्मी ठेवलेल्या सायनाइडच्या सौम्य द्रावणात, हवेच्या साहाय्याने, हे धातू विरघळतात आणि जस्ताची पूड टाकताच पुन्हा वेगळे होतात. टाकाऊ टेकड्यांना त्यामुळे मोल आले.

परंतु या लाभाची दुसरी बाजूही आहे. रुमानियातील बाया मारे येथे जुन्या गाळातून सोने-चांदी काढण्याचा प्रकल्प होता. ३० जानेवारी २००० रोजी त्याच्या तलावाचा बांध फुटला आणि सुमारे १ लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी नद्यांत शिरले. टिसा नदीतून ते डॅन्यूबपर्यंत पोहोचले. वाटेत अगणित मासे मेले. चुकला होता तो उरलेल्या पाण्याचा बंदोबस्त.

हा धडा हिंगोलीलाही लागू आहे. सायनाइड हे घरगुती कारखान्याचे काम नव्हेच. मात्र चांदी शुद्ध करताना कारागीर तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, वापरतात. त्यात चांदी व तांबे विरघळते. मीठ घातले की चांदीचा दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो. शुद्ध व कोरड्या अशा १०० ग्रॅम साक्यात सुमारे ७५ ग्रॅम चांदी असते. साका काढल्यावर उरते ते तांब्याचे निळसर, आम्लयुक्त पाणी. ते नालीत ओतले तर जाणार कोठे? हिंगोलीजवळून कयाधू वाहते आणि पुढे पैनगंगेला मिळते.

तेजाबातून निघणारी तपकिरी वाफही तितकीच घातक आहे. तिचा फुप्फुसांवरील परिणाम कधी कधी काही तासांनंतर दिसून येतो. पाऱ्याची वाफ तर डोळ्यांना दिसतही नाही. ज्या घरात पुढच्या खोलीत भट्टी आणि मागच्या खोलीत मुले असतात, तेथे ही बाब दुय्यम मानता येणार नाही.

यास्तव पारा तापविण्याची पद्धत बंद होणे, वाफ शोषून घेणारी सोय असल्याविना तेजाबाचे काम न करणे आणि आम्लयुक्त पाणी व गाळ घातक कचरा हाताळण्याची परवानगी असलेल्या केंद्राकडेच सोपविणे अगत्याचे आहे. एकेका कारागिराला हा खर्च पेलणार नाही; पेठेतील कारागिरांनी एकत्र येऊन धूळ साठविली व अधिकृत शुद्धीकरण केंद्राकडे पाठविली, तर तो विभागला जाईल.

धुळीतल्या चांदीचा हिशेब गुंजेगुंजेने ठेवणारी ही पेठ आहे. नालीत जाणाऱ्या पाण्याचा हिशेबही तिने त्याच काटेकोरपणे ठेवला, तर चांदी पेठेत राहील आणि कयाधूचे पाणीही निर्मळ राहील.