डॉक्टर येईपर्यंत



रत्नागिरी म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला हापूस आठवतो, टिळकांचं जन्मस्थान आठवतं, थिबा पॅलेस आठवतो. आणि कुणाची थट्टा करायची असली की मनोरुग्णालय आठवतं. ‘ह्याला रत्नागिरीला पाठवा’ म्हटलं की सगळे हसतात. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथं आणून ठेवलं ते १८८६ साली. हे रुग्णालयही त्याच सालचं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही शासनाची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यांतलं एक आमच्या दाराशी आहे. मी राहतो ते मिरजोळे शहराला लागूनच. रिक्षानं फार वेळ लागत नाही.

पण घरातल्या एखाद्याचं मन रात्री अकरा वाजता बिघडतं, तेव्हा हेच अंतर फार मोठं होतं. रुग्णालयात डॉक्टर आहेत, औषधं आहेत. घरापासून तिथपर्यंतच्या वाटेवर कोण असतं?

तिथं असते म्हातारी आई, शेजारी, रिक्षावाला, पोलीस पाटील. कधी मशिदीतले इमामसाहेब, कधी देवळातले गुरव. अशा वेळी काय करावं हे यांतल्या कुणालाच कुणी शिकवलेलं नसतं. मग दहा जण दहा तोंडांनी बोलतात. कुणी दरडावतो, कुणी दोरी आणतो, कुणी ‘लग्नाला जायचंय’ असं खोटं सांगून गाडीत बसवतो. माणूस बरा होतो, पण ती दोरी आणि ते खोटं त्याच्या मनातून जात नाही. पुढच्या वेळी तो गाडीत बसत नाही आणि गोळीही घेत नाही.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथं, दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. २८ मनोरुग्ण दगावले. साखळ्यांनी बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही. आमच्यातली माणसं दर्ग्यावर जातात, शेजारची देवऋषाकडे जातात. कुणाच्या श्रद्धेविषयी मला बोलायचं नाही. दुआ जरूर मागावी, पण तिच्यासाठी गोळी थांबवू नये. आणि साखळी तर कुठल्याच धर्मानं सांगितलेली नाही.

आता कायदाही तेच सांगतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मनोरुग्णाला साखळीनं बांधण्यास त्यात मनाई आहे. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा रुग्ण रस्त्यावर भटकताना दिसला, तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं आणि कोठडीत मुळीच ठेवायचं नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असंच हा कायदा धरून चालतो. कायदा चांगला आहे. पण रात्री अकरा वाजता ओटीवर उभा राहून तो अमलात आणणार कोण?

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात युजीन नावाचं शहर आहे. तिथं १९८९ साली एक व्हॅन सुरू झाली. कुणाचं मन अनावर झाल्याचा फोन आला, की पोलिसांऐवजी त्या व्हॅनमधून दोघं जात. एक प्रथमोपचार जाणणारा, दुसरा नुसता बोलणारा, म्हणजे अशा प्रसंगी कसं वागावं याचं शिक्षण घेतलेला. हातात शस्त्र नाही, अंगावर पोलिसी गणवेश नाही. पैशांच्या अडचणीमुळे एप्रिल २०२५ मध्ये युजीनमधली ती सेवा थांबली. पण पस्तीस वर्षं ती चालली आणि तिच्यावरून इतर शहरांनी आपापली पथकं उभी केली.

आपल्याकडे अशी फिरती पथकं गावोगाव नाहीत; त्या वाटेवरची कामं मात्र झाली आहेत. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्यानं मुंबईच्या रस्त्यावर एक तरुण पाहिला. करवंटीनं तो गटारातलं पाणी पीत होता. त्यांनी त्याला नेलं, उपचार केले. तो बरा झाल्यावर कळलं, की पोरगा पदवीधर आहे आणि त्याचं घर आंध्रात आहे. त्यातून ‘श्रद्धा’ संस्था उभी राहिली, कर्जतला केंद्र झालं आणि २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथं औषध डॉक्टर देतात. पण बरा झालेल्या रुग्णाला रेल्वेनं त्याच्या मुलखात नेऊन घरच्यांच्या हाती सोपवतात ते सामाजिक कार्यकर्ते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या एका संस्थेनं ‘आत्मीयता’ नावाचा प्रयोग केला. गावातल्याच स्वयंसेवकांनी दुःखी, खचलेल्या माणसांना गाठायचं, ऐकून घ्यायचं आणि गरज पडल्यास दवाखान्याची वाट दाखवायची.

हे लोक नेमकं काय करतात? ऐकायला अगदी साधं आहे. एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी मागं सरायचं. दार अडवून उभं राहायचं नाही. आवाज खाली ठेवायचा, जमलं तर शेजारी बसायचं. ‘भिंतीतून माणसं बोलतात’ असं तो म्हणाला, तर ‘खोटं आहे’ म्हणून वाद घालायचा नाही आणि ‘हो, मलाही ऐकू येतं’ असंही म्हणायचं नाही. ‘तुला भीती वाटत असेल रे’, एवढं म्हणता येतं. जिवाचं बरंवाईट करायचं मनात आहे का, हे सरळ विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही, उलट ओझं हलकं होतं. आंब्यावर फवारायची औषधं घरात असतील, तर ती लगेच हलवायची. कुठं नेतोय ते खरं सांगायचं. आणि आठवड्यानं पुन्हा त्या घरी जायचं, चहा प्यायचा.

माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, मानसशास्त्र मी शिकलेलो नाही. पण कविता लिहिणाऱ्याला एक गोष्ट कळते. माणूस मोडतो तेव्हा आपल्या बोलीत मोडतो. आमच्या मिरजोळ्याच्या एमआयडीसीत परप्रांतांतून आलेले कामगार आहेत, आसपासच्या बागांत नेपाळी राखणदार आहेत. घर हजार मैलांवर, रात्र एकट्याची. त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं, हेही आधी ठरवून ठेवावं लागेल.

१० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतूनही. पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज असेल तर तज्ज्ञाकडे जोडून देतो. जिवाला धोका असेल तर १०८ आहेच. पण फोन घरात येऊन शेजारी बसू शकत नाही.

म्हणून माझं मागणं लहान आहे. सर्पदंश झाला तर कुणाला हाक मारायची, हे प्रत्येक वाडीला ठाऊक असतं. तशी मनाच्या दुखण्यासाठी दोन माणसं प्रत्येक वाडीत असावीत, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. ग्रामपंचायतीनं त्यांची नावं सुचवावीत, मनोरुग्णालयातल्या तज्ज्ञांनी त्यांना शिकवावं आणि या कामाचं काही मानधनही मिळावं. रात्री उठून जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मजुरीवर जायचं असतं. पुढच्या ग्रामसभेत एवढा एक विषय आपण मांडावा, अशी विनंती करतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)