आधी पाणी, मग मासे

घरातल्या पहिल्या मत्स्यालयाची टाकी फार लहान नसावी.
थोड्या पाण्यात घाण लवकर साठते.
म्हणून काचेचं गोल भांडं माशांसाठी वाईटच.

अंधेरी-मुलुंडच्या छोट्या फ्लॅटमध्ये 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच टाकी सहज मावते.
तिच्यात सुमारे 50 लिटर पाणी राहतं.
म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन 50 किलो!
खाली भक्कम, सपाट स्टँड हवा.
थेट ऊन नको. त्यानं शेवाळ माजतं.

श्रोतेहो, आता मुख्य गोष्ट.
आधी पाणी, मग मासे.

महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं.
माणसांना ते जंतूंपासून वाचवतं,
माशांचे कल्ले मात्र जाळतं.
क्लोरीन घालवणारं औषध दुकानात मिळतं.
ते पाण्यात आधी मिसळावं.

मग फिल्टर सुरू करावा,
आणि थांबावं.

माशांच्या विष्ठेतून विषारी अमोनिया तयार होतो.
फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात,
मग बरंच सौम्य असं नायट्रेट.
हे जिवाणू वाढायला साधारण महिना लागतो.
तोवर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकावं;
ते कुजतं, आणि जिवाणूंना अन्न मिळतं.
पहिल्याच रविवारी कुर्ल्याच्या बाजारातून मासे आणण्याची घाई माशांच्या जिवावर बेतते.

पुन्हा सांगायचं तर, आधी पाणी, मग मासे.

सुरुवातीला चार-पाच गप्पी पुरेत.
मुंबईच्या हवेत त्यांना हीटर बहुधा लागत नाही.
दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं.
नको झालेले मासे पवई तलावात कधीही सोडू नयेत;
तिथल्या मूळच्या माशांना ते घातक ठरू शकतात.