खारकेचे एकच गिऱ्हाईक



भूगोलाच्या शिक्षकाने व्यासपीठावर उभे राहिले की एखादा भारदस्त विषय घ्यावा, अशी अपेक्षा असते. मी मात्र आज खारीक घेऊन आलो आहे. लग्नात वधूच्या ओटीत पडणारी आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत कुटून घातली जाणारी, तीच ही. मागे नववीच्या वर्गात मी विचारले, खारीक आणि खजूर यांची झाडे वेगळी की एकच? जवळजवळ सगळे हात ‘वेगळी’ म्हणून वर गेले. त्यांत रमजानमध्ये रोज खजुराने रोजा सोडणारी मुलेही होती!

झाड एकच. फळाच्या अवस्थांना अरबांनी नावे दिली आहेत. हिरवे फळ किमरी, पिवळे वा तांबडे पण कडक ते खलाल, मऊ पडले की रुतब आणि सुकत आले की तमर. तमर म्हणजे आपला खजूर. खलाल असतानाच फळ उतरवून उकळले आणि उन्हात वाळवले, की झाली खारीक.

आता कोणी शहाणा माणूस पिकू घातलेले फळ अर्ध्यावर का उतरवील? पावसामुळे. सिंधमधील खैरपूरचा मुलूख घ्या. सिंधू नदीच्या डाव्या तीरावरचा हा भाग. तेथे ‘असील’ जातीच्या खजुराच्या बागाच बागा आहेत. बी पेरून बाग होत नाही, कारण बियांतून निम्मी झाडे नर निघतात आणि मादीचे फळही आईसारखे येत नाही. म्हणून बुंध्याशी फुटलेली पिले काढून लावायची आणि फळासाठी चार-पाच वर्षे वाट पाहायची. पुढे दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास माणसाने झाडावर चढून नराच्या तुऱ्यातील पराग मादीच्या तुऱ्यात घालायचा. इतके केल्यावर फळ पिकायला येते ते नेमके जुलै-ऑगस्टमध्ये. एक जोराची सर आली की पिकते फळ फुटते, आंबते, सगळा घड वाया जातो. त्यापेक्षा कढईत उकळून चटयांवर पसरलेले बरे. खारीक ही अशी पावसाच्या धास्तीतून आलेली वस्तू आहे.

पण जगाच्या बाजारात तिला मागणी कोठे? युरोप-अमेरिकेला मऊ खजूर हवा. खारीक हवी ती प्रामुख्याने आपल्याला. ओमानमध्येही ‘मबसली’ जातीचे फळ असेच उकळतात. त्याला तेथे बुसूर म्हणतात, आणि तेही शिडाच्या जहाजांच्या काळापासून हिंदुस्थानकडेच येत आले. आपल्या ओटीने केवढा मुलूख पोसला, याची आपल्याला कल्पनाही नसते.

पुढे १६ फेब्रुवारी २०१९ उजाडली. दोन दिवसांपूर्वी पुलवामा येथे हल्ला झाला होता. भारताने पाकिस्तानी मालावर दोनशे टक्के आयात शुल्क बसवले. शंभर रुपयांचा माल बंदरातून सुटेपर्यंत तीनशेचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाकिस्ताननेही व्यापार थांबवला. या निर्णयांच्या राजकारणात मी शिरत नाही, तो माझा विषय नव्हे. खैरपूरच्या बागेत मात्र परागीकरणाचा हंगाम तोंडावर आला होता. झाडे काही वर्तमानपत्र वाचत नाहीत. जुलैत घड पिवळे व्हायचे ते होणारच.

मग वाकड्या वाटा निघाल्या. माल दुबईला जायचा आणि तेथून दुसऱ्या देशाचा म्हणून इकडे यायचा. २ मे २०२५ रोजी भारताने पाकिस्तानी माल तिसऱ्या देशामार्गे आणण्यावरही बंदी घातली. पुढच्याच महिन्यात आपल्या न्हावा-शेवा बंदरात असे कंटेनर पकडले गेले. त्यांत होते काय? खारकाच.

हे ऐकून एका मुलाने मला विचारले, “सर, मग ते खारकेऐवजी खजूरच का नाही करत?” प्रश्न मोठा रास्त होता. खजूर करायचा तर पावसापासून आडोसा हवा, वाळवण्याची यंत्रे हवीत, प्रतवारी हवी, शीतगृह हवे. खारकेला कढई, सरपण आणि ऊन पुरते. त्यातून पुष्कळ बागाईतदार उभे पीक आधीच ठेकेदाराला देऊन उचल घेऊन बसलेले असतात. भट्टी पेटवायची की नाही हे ठरवणे त्यांच्या हातीच राहत नाही.

आपल्या कच्छमध्येही पाऊस असाच ऐन वेळी गाठतो. तेथे मुंद्र्याकडचे शेतकरी खलाल फळ न उकळता ताजेच बाजारात पाठवतात. जानेवारी २०२४ मध्ये या कच्छी खारकेला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांची गिऱ्हाइके जवळ आहेत, ही त्यांची सोय. जून-जुलैत मुंबईच्या हातगाडीवर पिवळ्या-तांबड्या फळांचे घड दिसतात ना, ते हेच. त्या मुलाला मी पुढच्या जूनमध्ये पावशेर आणून वर्गात दाखवण्याचे कबूल केले आहे.