आधी नोंद, मग फोटो



वन्यजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो,
आज चला रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला.

इथं २००२ पासून
चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं
गावकऱ्यांसोबत कासवांची घरटी राखली.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री वाळूत अंडी घालते.
आणि समुद्रात परतते.

पहाटे कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे गावकरी, तिच्या पायांचा माग काढतात.
काठी हलकेच वाळूत खुपसतात.
वाळू भुसभुशीत लागली, की खाली घरटं!

अंडी जपून हॅचरीत, म्हणजे उबवणीच्या सुरक्षित जागेत, हलवतात.
घरट्याइतक्याच खोल खड्ड्यात.
मग नोंद.
तारीख, जागा, अंडी किती.

स्वयंसेवक म्हणून गेलात, तर हेच शिका.
आधी नोंद, मग फोटो.
पिल्लं यायला दीड-दोन महिने लागतात.
तोवर नोंद चुकवू नका.

आजच प्राध्यापकांशी बोला.
वन विभागाची रीतसर परवानगी घ्या.
आणि या हंगामात किनाऱ्यावर जाच.