पाण्यापलीकडचे आरोग्य

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



इंदूरच्या नळांना १९७८ पासून नर्मदेचे पाणी येते. आपल्याला जीवन देणारी ही नदी पुढे बडवानी ओलांडून सातपुड्याच्या कुशीत शिरते. तेथे सरदार सरोवराच्या फुगवट्याने नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील कित्येक पाड्यांना बेटांची कळा आली आहे. अशा पाण्यापलीकडच्या माणसांपर्यंत औषधोपचार कसा पोहोचवावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्या डोळ्यांसमोर प्रथम येते ते आरोग्य शिबिर. शहरातील डॉक्टर दोन दिवस काढून जातात, शेकडो रुग्ण तपासतात, औषधे वाटतात. त्यांच्या सद्भावनेविषयी मला आदर आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हे तर तज्ज्ञाचेच काम. त्यासाठी शिबिर हवेच. पण तापाने फणफणलेले मूल किंवा अडलेली बाळंतीण शिबिराच्या तारखेची वाट पाहत नाही. शिवाय शिबिरे भरतात ती बहुधा कोरड्या दिवसांत, आणि वाटा बंद होतात त्या पावसाळ्यात. गरज आणि सेवा यांची अशी चुकामूक होते.

हा पेच ज्यांनी प्रत्यक्ष जगून सोडविला, त्यांची उदाहरणे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहेत. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाची स्थापना केली. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमाजवळचा हा भामरागडचा मुलूख पावसाळ्यात जगापासून तुटतो. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे गेले ते परत न येण्यासाठी. त्यांनी माडिया भाषा आत्मसात केली, कंदिलाच्या उजेडात उपचार केले आणि हळूहळू लोकांचा विश्वास संपादन केला. पुढे १९७६ मध्ये तेथे शाळा निघाली आणि तिच्यात शिकलेल्या माडिया मुलांपैकी काही स्वतः डॉक्टर झाली. २००८ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या मते, त्या भूमीतून उभे राहिलेले डॉक्टर हा त्याहूनही मोठा सन्मान होय.

त्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून आणखी एक वाट शोधली. प्रत्येक गावात डॉक्टर राहू शकत नसेल, तर डॉक्टरांचे थोडे ज्ञान तरी गावात राहू शकेल काय? त्यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, एवढे त्यांना नीट शिकविले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून ही घरपोच नवजात सेवा भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांवर सोपविली.

आता पुन्हा नर्मदेकडे वळू. २०२० साली, महामारीच्या भयाने लोक केंद्रावर येईनासे झाले, तेव्हा चिमलखेडी येथील एका तरुण अंगणवाडी सेविकेने मासेमारीची लहान नाव घेतली. आठवड्यातून पाच दिवस, सुमारे अठरा किलोमीटर वल्हवीत ती गरोदर स्त्रिया व लहान बालके यांच्यापर्यंत पोषक आहार नेत असे. ती त्याच भूमीची लेक होती; तिला पाणी परके नव्हते.

अर्थात, तिच्या धैर्याचे गोडवे गाऊन आपली जबाबदारी संपत नाही. अडलेल्या बाळंतिणीला शस्त्रक्रिया लागली, तर यंत्राची बोट, पलीकडच्या काठावर उभी रुग्णवाहिका आणि पुढे सुसज्ज रुग्णालय, ही साखळी हवीच. ती उभारणे शासनाचे कर्तव्य आहे. सेविकेचे वल्हे हे त्या साखळीचा पहिला दुवा ठरावे. सगळा भार एकट्या तिच्या खांद्यावर नसावा.

या सभागृहात अनेक दानशूर बसले आहेत. त्यांना एवढीच विनंती की, एखाद्या शिबिराला देणगी देताना प्रेमाने एक प्रश्न विचारावा : "तुम्ही परतल्यावर तेथे कोण राहील?" उत्तर मिळाले तर हात सढळ ठेवावा, न मिळाले तर त्या गावातील एखाद्या मुलीच्या परिचारिका-शिक्षणाचा खर्च उचलावा.

ग्रंथप्रदर्शन चार दिवस भरते आणि उठते. ग्रंथालय मात्र भर पावसातही दार उघडे ठेवते. शंभर वर्षे हे व्रत सांभाळणाऱ्या संस्थेला या दोहोंतील अंतर मी काय समजावून सांगावे!