अपुऱ्या दिवसांचें मूल आणि आईचें दूध

मी वैद्य नव्हे. सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. परंतु गेल्या वर्षीं माझी नात बत्तिसाव्या आठवड्यांतच जन्मली, तेव्हां रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागाबाहेर जें शिकलों, तेवढें सांगतों.

चोखणें, गिळणें आणि श्वास घेणें यांचा मेळ बालकास चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास साधूं लागतो. तोंवर दूध बारीक नळीनें पोटांत सोडावें लागतें. मूल अंगावर पीत नाहीं, मग आईचें दूध काय कामाचें, असें म्हणून मी भुकटीच्या दुधाचा डबा आणावयास निघालोंही होतों! परिचारिकेनें मला थांबविलें. अशा बालकांचें आंतडें सडविणारा एक घातक विकार आहे. त्याचा धोका आईच्या दुधानें घटतो.

पहिल्या दिवशीं चीक निघाला तो चमचाभरही नव्हता. सूनबाई रडली. तरी दिवसरात्र मिळून आठ वेळां ती हातानें दूध काढीत राहिली, आणि तासन् तास मूल उघड्या छातीशीं धरून बसूं लागली. ही रीत कोलंबियांतील बोगोटा शहरीं १९७८ सालीं निघाली. तिनें दूधही वाढतें.

तरीही न पुरल्यास इतर मातांनीं दिलेलें, ६२.५ अंश सेंटिग्रेडवर ३० मिनिटें तापविलेलें दूध देतां येतें. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं अशी दुग्धपेढी काढली. आशियांतील ती पहिली मानतात.

अठराव्या दिवशीं नात प्रथम अंगावर प्यायली. बाहेर येऊन सूनबाईनें मला चार बोटें दाखविलीं: चार घोट.