उखळांत बसणारी आजी

आजी म्हटली कीं मायेची ऊब आठवते. रशियन लोककथांतील एक आजी मात्र मुलें भाजून खाते. तिचें नांव बाबा यागा. ‘बाबा’ म्हणजे त्या भाषेंत म्हातारी. अफनास्येव यांनीं १८५५ ते १८६३ या काळांत प्रसिद्ध केलेल्या कथासंग्रहांत ती भेटते.

तिची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी असते. उखळांत बसून, मुसळानें तें हांकीत ती फिरते आणि केरसुणीनें आपला माग पुसते. उखळ, मुसळ, केरसुणी, चूल. भयाची सारी सामग्री घरांतलीच! घांस भरविणारे हातच येथें घांस घ्यावयास उठतात.

विस्तव मागावयास आलेल्या वासिलिसेला ती मातींतून खसखस निवडावयास लावते. काम चुकलें तर मरण. मृत आईनें दिलेल्या बाहुलीच्या साहाय्यानें मुलगी तें पार पाडते. अखेर म्हातारीच तिला जळत्या डोळ्यांची कवटी देते आणि त्या ज्वाळेंत छळणारी सावत्र आई व तिच्या मुली भस्म होतात.

म्हणजे ही निव्वळ राक्षसीण नव्हे, परीक्षकहि आहे. व्लादिमीर प्रॉप यांनीं १९४६ सालच्या आपल्या ग्रंथांत तिला मृत्युलोकाच्या वेशीवरील रक्षक मानलें आहे.

वडीलधाऱ्यांच्या सत्तेचें भय मुलांना बोलून दाखवितां येत नाहीं. कथा तें भय अरण्यांत नेऊन ठेवते आणि तेथून जिवंत परतण्याची वाटहि दाखविते. पुष्कळ घरांत अशी कथा सांगणारीहि आजीच असते.